गोविंददासाचं टाकं

नाणेघाट खालून चढावा की वरून उतरावा, यावर आमच्या घरातल्या दोघांचं कधी जुळलं नाही. मुलगी म्हणते, वैशाखऱ्याच्या रानातून निघून कडा अंगावर घेतल्याशिवाय घाट कळत नाही. तिचा मामा म्हणतो, जुन्नरकडच्या माणसाला घाट म्हणजे घराचं परसदार. वरून खाली उतरायचं, कोकणातला बाजार करायचा आणि उजेड आहे तोवर माघारी यायचं, ही जुनी रीत. शेवटी तह झाला. चढायचं तिच्या मर्जीनं. माथा आला की पाय न थांबवता कुकडीच्या खोऱ्यानं पूरच्या कुकडेश्वरापर्यंत चालायचं ते मामाच्या मर्जीनं. दोघांच्या मधे चालायला मी होतोच.

मामा म्हणजे माझे मेहुणे. आयुष्यभर पाटबंधारे खात्यात होते, बहुतेक काळ कुकडीच्या कालव्यांवर. पाणी दिसलं की त्यांचे डोळे आपोआप त्याची रुंदी आणि वेग मापू लागतात. मुलगी ठाण्यात नोकरी करते आणि सुट्टी मिळाली की सह्याद्रीत जाते. गड, लेणी, शिलालेख हे तिचं वेड, आणि त्याहून मोठं वेड नुसत्या चालण्याचं.

दसरा होऊन गेला होता. कल्याणहून माळशेजकडे जाणाऱ्या एसटीनं आम्हाला वैशाखऱ्याच्या पुढे सोडलं तेव्हा नुकतं उजाडत होतं. रस्ता सोडून रानात शिरलो. ओढ्यांना अजून चांगलं पाणी होतं, वाटेवरचा चिखल वाळून त्यात गुरांचे खूर उमटलेले होते. उत्तरेला मोरोशीचा भैरवगड ताठ उभा होता. आमच्या समोर नानाचा अंगठा, आणि त्याच्या कुशीत ती खिंड, जिच्याकडे माणसं निदान दोन हजार वर्षं पाहत आली आहेत.

पहिला वाद चढ सुरू व्हायच्या आधीच लागला.

"मामा, एक विनंती आहे," मुलगी म्हणाली. "आज कालव्याचं काही नको. मला डोंगरात आल्यावर डोंगरच पाहायचा असतो. आठवडाभर प्रत्येक गोष्ट कशासाठी तरी करत असते. इथं मला कशासाठीच यायचं नसतं."

"ये की. पण डोंगर एकटा असतो का? तू म्हणतेस ती खिंड तिथंच का पडली, सांग बरं."

"कडा तिथं खचलाय म्हणून."

"आणि खचला कशानं?"

ती गप्प राहिली. मामा वाटेशेजारच्या कातळाला हात लावून सांगू लागले. हा सगळा दगड लाव्ह्याचा. साडेसहा कोटी वर्षांच्या आगेमागे लाव्ह्याचे थरावर थर साचत गेले. कडा लांबून पाहिला तर ते थर आडव्या रेघांसारखे मोजता येतात. दोन थरांच्या मधे कुठं कुठं तांबडी मातीही दबलेली असते. दगडाला जिथं उभ्या भेगा असतात तिथं पाणी शिरतं, दरवर्षीच्या पावसानं भेग रुंदावते, तिची घळ होते. "माणसानं वाट शोधली असं तू म्हणतेस. पाण्यानं आधी शोधली. माणूस पाण्याच्या मागून गेला."

"मग पायऱ्या कुणी केल्या? पाण्यानं?" ती लगेच म्हणाली. वरच्या टप्प्यात, जिथं घळ अरुंद होते, तिथं दगडी पायऱ्या आणि फरसबंदी आहे. झीज झालेली, मधेच तुटलेली, पण पाय ठेवला की लक्षात येतं की ही उंची ओझ्याच्या जनावराला झेपेल अशी राखलेली आहे. "पाणी कुठूनही उडी टाकतं, मामा. लादलेलं जनावर चढवायचं म्हणजे कुणीतरी बसून विचार केला पाहिजे. मला डोंगरात तो विचार दिसतो. तुम्हाला फक्त उतार दिसतो."

या मुद्द्यावर माझं मत तिच्या बाजूनं पडलं. सोपारा आणि कल्याण ही बंदरं, वर जुन्नर आणि त्याच्याही पुढे प्रतिष्ठान म्हणजे आजचं पैठण, या सगळ्यांना जोडणारी वाट सापडली एवढ्यानं चालू राहत नाही. ती राखावी लागते. जुन्नरच्या चहूबाजूंच्या डोंगरांत दीडशेहून अधिक लेणी आहेत. एवढी लेणी कोरायला लागणारं धन या गावात आलं ते बऱ्याच अंशी याच वाटेनं. तिथल्या दानलेखांत यवनांची, म्हणजे समुद्रापलीकडून आलेल्या लोकांची नावंही आहेत. तेही हाच चढ चढून आले असणार, आणि त्यांनाही इथं धाप लागली असणार.

घळीच्या वरच्या अंगाला लेणं आलं तेव्हा ऊन कड्याच्या कडेवर पोचलं होतं. आत गार होतं. तिन्ही भिंतींवर ब्राह्मी अक्षरं. मागच्या भिंतीशी एकेकाळी राजघराण्याच्या मूर्तींची रांग होती. आता काही पावलांचे अवशेष उरलेत आणि वर नावं: सिमुक सातवाहन, देवी नायनिका आणि राजा श्री सातकर्णी, काही कुमार, एक महारठी. मूर्ती फुटल्या पण नावं राहिली, म्हणून महाराष्ट्राच्या सर्वांत जुन्या मोठ्या राजघराण्याचा हा कौटुंबिक पट आपल्याला वाचता येतो. एकोणिसाव्या शतकात पंडित भगवानलाल इंद्रजींनी इथं येऊन या अक्षरांवर कष्ट घेतले, त्यातल्या आकड्यांवर विशेष.

"आकडे?" मामा पुढे सरकले.

"हे बघा. राणी नागनिकेच्या, म्हणजे याच नायनिकेच्या, लेखात यज्ञांची यादी आहे. दोन अश्वमेध, एक राजसूय, आणि बाकीचे कितीतरी. प्रत्येक यज्ञात काय दान दिलं ते लिहिलंय. गाई, घोडे, हत्ती, कार्षापणं. आणि संख्या शब्दांत नाही, चिन्हांत आहेत. दहाला वेगळं चिन्ह, शंभराला वेगळं, हजाराला वेगळं. शून्य नाही. भारतात आकडे असे कोरून ठेवल्याचे जे सर्वांत जुने पुरावे आहेत, त्यांतला हा एक."

मामा बराच वेळ भिंतीपाशी उभे राहिले. जन्मभर मोजपट्टी आणि नोंदवहीत गेलेला माणूस तो. शेवटी म्हणाले, "म्हणजे हा हिशेब आहे."

"हो. पण तो देवाधर्माचा हिशेब, मामा. राज्याचं वैभव वाटेवर लावून ठेवलंय, येणाऱ्या-जाणाऱ्यानं वाचावं म्हणून."

बाहेर, घळीच्या माथ्याशी तो प्रसिद्ध दगडी रांजण आहे. घाटातून जाणारे व्यापारी त्यात जकातीची नाणी टाकत, असं पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. मामांना ते पटलं नाही. उघड्यावर पैसे कोण ठेवील, हा त्यांचा सवाल. मुलीला पटलं नसलं तरी आवडतं. मी त्या वादात शिरलो नाही, कारण माझं लक्ष दुसरीकडे होतं. लेण्याच्या आसपास कातळात पाण्याची टाकी खोदलेली आहेत. एका टाक्याशी एक अगदी छोटा लेख आहे. त्यात एवढंच सांगितलंय की सोपाऱ्याच्या गोविंददासानं हे टाकं दान दिलं.

मी ते दोघांना दाखवलं. आम्ही टाक्यातलं पाणी फडक्यानं गाळून बाटल्यांत भरलं आणि प्यालो. थंडगार होतं.

नागनिकेच्या लेखाबद्दल मला आदर आहे. दोन हजार वर्षांपूर्वी एका राणीचं नाव इतक्या ठळकपणे दगडावर येणं ही थोर गोष्ट आहे. पण तिनं दिलेल्या गाई, घोडे, हत्ती, नाणी यांतलं आज काही उरलेलं नाही. गोविंददासाचं दान अजून चालू आहे. तो इथला नव्हता. समुद्रकाठचा माणूस, कामासाठी या वाटेनं येत-जात असणार. इथून गेला, तहान लागली, आणि मागून येणाऱ्यांसाठी पाण्याची सोय करून ठेवली. त्या दिवशी पुढे जो वाद पेटला, त्यात मला सारखा हा माणूस आठवत राहिला.

माथ्यावर आलो. वारा सुटला होता. पावसाळ्यात याच कड्यावरून पडणारं पाणी वाऱ्यानं उलटं वर फेकलं जातं आणि ते बघायला शेकड्यांनी गाड्या येतात. आता पठार मोकळं होतं. दक्षिणेला जीवधन, त्याच्या बाजूला सुटा उभा राहिलेला वानरलिंगीचा सुळका. पलीकडे ढाकोबा आणि दुर्ग. खाली कोकण धुक्यात बुडालेलं.

"आता ऐक," मामा म्हणाले. आतापर्यंत त्यांनी पाळलेलं व्रत इथं सुटणार हे आम्हाला ठाऊक होतं. "या कडेवर पाऊस पडतो. एक थेंब इकडे पडला तर कड्यावरून खाली, मुरबाडच्या ओढ्यांत, उल्हासात आणि वसईच्या खाडीत. फार तर दोन दिवसांचा प्रवास. तोच थेंब चार पावलं तिकडे पडला तर कुकडीत. कुकडी घोडीला, घोड भीमेला, भीमा पंढरपुरावरून कृष्णेला, आणि कृष्णा पार तिकडे बंगालच्या उपसागरात. इथं पडलेलं पाणी विठोबाच्या पायाशी जातं. तुला नुसता डोंगर बघायचाय, बघ. पण हे डोळ्यांपुढे नसेल तर डोंगर अर्धाच दिसला."

"हे सुंदर आहे, मामा. खरंच. पण तुम्ही पुढचं वाक्य बोलणार, की या पाण्याला आम्ही अडवलं."

"अडवलं! का अडवू नये?"

आणि मग ते बोलले. कुकडी प्रकल्पाची पाच धरणं: येडगाव, माणिकडोह, वडज, डिंभे, पिंपळगाव जोगे. जुन्नर, आंबेगाव, शिरूरपासून पारनेर, श्रीगोंदा, कर्जत आणि सोलापुरातल्या करमाळ्यापर्यंत जाणारं पाणी. "बहात्तरच्या दुष्काळात तिकडची माणसं काय करत होती माहीत आहे? दुष्काळी कामांवर खडी फोडत होती. बायाबापड्या, म्हातारी माणसं. शिरूरच्या पलीकडे वर्षाला जेमतेम पाचशे मिलिमीटर पाऊस. इथं घाटमाथ्यावर त्याच्या कितीतरी पट पडतो आणि दोन-तीन महिन्यांत वाहून जातो. ते पाणी साठवून तहानलेल्या माणसापर्यंत नेलं. तुझ्या गोविंददासानं एक टाकं खोदलं, आम्ही दहा टीएमसीचं माणिकडोह बांधलं. फरक सांग."

ती पटकन बोलली नाही. चालता चालता आम्ही घाटघरच्या दिशेला वळलो होतो. भात पिवळं पडू लागलं होतं, काही खाचरांत कापणीला सुरुवात झाली होती. उतारावर कारळ्याची पिवळी फुलं, वरच्या वरकस जमिनीत नाचणी आणि वरई. खाचरांचे बांध नीट बांधलेले, एकाखाली एक. पडकईनं केलेली जमीन आहे ही, मामा म्हणाले. एका घराचं खाचर करायला सगळ्यांनी जायचं, मग दुसऱ्याचं, मग तिसऱ्याचं. इथल्या महादेव कोळी गावांची ही जुनी पद्धत. डोंगराच्या उतारावर एकट्या कुटुंबाला जमीन सपाट करता येतच नाही.

घाटघरात एका घरी आम्ही टेकलो. आजी पडवीत हिरडा निवडत होत्या, उन्हाळ्यात गोळा करून ठेवलेला, भाव मिळेल म्हणून राखलेला. या पट्ट्यात हिरडा म्हणजे रोकड. पिकायच्या आत काढलेला बाळहिरडा औषधाला जातो. २०२० च्या जूनमध्ये निसर्ग वादळ आलं तेव्हा हिरड्याचं मोठं नुकसान झालं आणि त्याच्या भरपाईसाठी इथल्या आदिवासी शेतकऱ्यांना वर्षानुवर्षे झगडावं लागलं. आजींनी तांब्याभर पाणी दिलं, मग आणखी एक. मुलीनं विचारलं, "पाणी कुठून आणता, आजी?"

"आत्ता काय, दारात हाय. शिमगा झाला की बाई, इहिरीचा तळ दिसतो. मंग खाली झऱ्यावर जायचं, आन् वाटीवाटीनं हंडा भरायचा."

"इथं एवढा पाऊस पडतो तरी?"

"पडतो. ऱ्हातो कुठं?"

तिथून निघाल्यावर बराच वेळ कुणी काही बोललं नाही. मग मुलीनं मामांना उत्तर दिलं, आणि ते उत्तर तिचं एकटीचं होतं असं मला वाटत नाही.

"तुम्ही फरक विचारला होता ना, मामा? गोविंददासानं जिथं पाणी पडतं तिथं टाकं खोदलं. इथं पडलेलं पाणी इथल्या वाटेवरच्या माणसाला मिळालं. तुम्ही इथं पडलेलं पाणी दोन-अडीचशे किलोमीटर नेलंत आणि ते या आजींच्या दारावरून गेलं. करमाळ्याला मिळावंच. पण आजींना का नाही?"

"अगं, धरण खाली आहे. पाणी उताराला धावतं. वर चढवायला वीज लागते, पैसा लागतो."

"टाकं वर आहे."

मामा थांबले. या वेळी रागावून नव्हे, विचार करत. कारण प्रश्न आता त्यांच्या कामाचा झाला होता. त्यांनी जे सांगितलं ते मी आधी ऐकलं नव्हतं.

घाटमाथ्यावरची विहीर आटते आणि कातळातलं टाकं टिकतं, याचं कारण एकच आहे, ते म्हणाले. हा दगड घट्ट. त्याच्या पोटात पाणी मुरायला फार जागा नसते. वरचा मातीचा आणि मुरमाचा थर पातळ, उतार तीव्र. पाऊस पडतो आणि धावत सुटतो. विहीर आजूबाजूच्या जमिनीत मुरलेल्या पाण्यावर जगते, आणि इथं मुरतंच थोडं, म्हणून ती फाल्गुन-चैत्रात कोरडी पडते. पण त्याच घट्ट दगडात हौद खोदला तर तो गळत नाही. वरून आलेलं पाणी धरून ठेवतो. सातवाहनांना हे माहीत होतं, गडकऱ्यांना माहीत होतं. पुढे चावंडवर सात टाक्यांची रांग आहे, जीवधनवरही टाकी आहेत. १८१८ मध्ये इंग्रजांनी या गडांच्या वाटा सुरुंग लावून उडवल्या, पण टाकी उरली आणि त्यांत आजही पाणी आहे.

"म्हणजे हे करता येतं," मुलगी म्हणाली.

"येतं. टाकी नसतील तर झरे आहेत. झऱ्याच्या वरच्या अंगाला चर खणायचे, झाडं राखायची, झऱ्याचं तोंड बांधून घ्यायचं. ओढ्यातले डोह गाळानं भरलेत, ते मोकळे करायचे. फार मोठी कामं नाहीत ही. म्हणून तर होत नाहीत." क्षणभर थांबून ते म्हणाले, "मी जे पाणी मोजलं ते कालव्याच्या तोंडापासून पुढचं. त्याच्या मागचं कुणी मला मोजायला सांगितलं नव्हतं आणि मीही विचारलं नाही."

त्यांच्याबद्दल मला तेव्हा जे वाटलं ते लिहिलंच पाहिजे. धरणावर टीका करणं आज सोपं झालंय, आणि ती बहुतेक वेळा अशी माणसं करतात ज्यांच्या घरी नळाला धरणाचंच पाणी येतं. मामांनी भर उन्हात कालव्याच्या टोकापर्यंत चालून शेवटच्या शेतकऱ्याला पाणी पोचतंय का हे पाहिलेलं आहे. करमाळ्याच्या टोकाला आवर्तन उशिरा पोचलं तर त्यांना झोप लागत नसे, हे त्यांच्या बहिणीनं, म्हणजे माझ्या पत्नीनं, मला सांगितलंय. त्या निष्ठेला कमी लेखून वरच्या गावांचा प्रश्न सुटणार नाही. तो सुटायचा असेल तर हीच निष्ठा उलट दिशेनं, वरच्या अंगाला, चालत आली पाहिजे.

मुलीकडेही माझं एक मागणं होतं. कशासाठीच न येता डोंगरात यायचं, हा तिचा हट्ट मला कळतो. शहरातल्या तरुण माणसाला अशी एक जागा हवीच. पण त्या जागेत लोक राहतात, आणि आपण कशासाठीच आलेलो नसलो तरी ते कशासाठी तरी रोज उठतात. पावसाळ्यात या पठारावर येणाऱ्या गर्दीतून पिठलं-भाकरीचे, चहाचे, गाड्या लावण्याचे चार पैसे गावाला मिळतात, हे चांगलंच आहे. मात्र ती गर्दी पाऊस संपला की पाठ फिरवते, आणि आजींची पायपीट त्यानंतर सुरू होते. ज्या ऋतूत डोंगर रुक्ष असतो, त्या ऋतूत इथं आपल्यापैकी फारसं कुणी येत नाही.

हे मी मोठ्यानं बोललो नाही. तेवढ्यात कुकडी दिसली.

इथं ती नदी म्हणावी एवढी मोठी नाही. खाचरांच्या मधून, जांभळीच्या सावलीतून वाहणारा ओढा. पण मामा तिच्याकडे असे पाहत होते की जणू पुढचा सगळा प्रवास त्यांना तिथंच दिसत होता. आम्ही तिच्या काठानं, कधी डांबरी रस्त्यानं, कधी बांधावरून चालत राहिलो. खोरं हळूहळू रुंद होत गेलं. दोन्ही बाजूंचे डोंगर मागे सरकले. वाऱ्यातला दमटपणा कमी होत गेला हे आधी कातडीला कळलं, मग झाडांवरून दिसलं. घाटमाथ्यावर दाट असलेला हिरडा विरळ झाला. आमच्या चालण्याच्या टप्प्यात भातच होतं, पण मामा पुढचं बोलून दाखवत होते: माणिकडोहाच्या खाली बाजरी आणि कांदा, नारायणगावच्या बाजूला टोमॅटो आणि द्राक्ष, मग ऊस. एका दिवसात घाटाच्या तोंडापासून नारायणगावपर्यंत गेलं तर पावसाचं सगळं गणित पिकांवरून वाचता येतं.

"आणि उसात बिबट्या," मुलगी म्हणाली.

"तोही आमच्याच खात्यावर?"

"कालवा आला म्हणून ऊस आला. उसात त्याला बारा महिने लपायला जागा मिळाली, पिल्लं तिथंच जन्मली. म्हणून तर माणिकडोहला बिबट्यांचं निवारा केंद्र करावं लागलं. मामा, मी दोष देत नाही. पाणी हलवलं की त्याच्याबरोबर सगळंच हलतं, एवढंच म्हणते."

"हे मात्र खरं," ते म्हणाले. मग त्यांनी स्वतःहून आणखी एक गोष्ट जोडली. माणिकडोहाच्या पाण्याखाली याच खोऱ्यातली भातखाचरं गेलेली आहेत. उन्हाळ्यात धरणाचं पाणी मागे हटलं की उघड्या पडलेल्या गाळात काही लोक पेर करतात. गाळपेर म्हणतात तिला. आपलीच जमीन, वर्षातले थोडे महिने परत मिळालेली. पाणी केव्हा चढेल याच्यावर डोळा ठेवून केलेली शेती ती. मामांनी हे सांगितलं तेव्हा त्यांच्या आवाजात धरणाचा अभिमान होता आणि त्या लोकांबद्दलची कळकळही होती. दोन्ही एका माणसात राहू शकतात.

याच कुकडीनं फार पुढे, निघोजपाशी, आपल्या पात्रातल्या कातळात रांजणखळगे कोरलेत. खळग्यात अडकलेले दगडगोटे पाण्यानं गरागरा फिरवून फिरवून केलेले ते खोल, गोल हौद. ते पाहायला लोक लांबून येतात. मुलीनं ते पाहिलेत. घाटाच्या तोंडाशी माणसानं कोरलेला रांजण आणि त्याच नदीच्या खालच्या पात्रात पाण्यानं कोरलेले रांजण, हा धागा मात्र तिला त्या दिवशी चालताना सापडला आणि त्यानं ती इतकी हरखली की मामांना तिनं तो दोनदा सांगितला. मामा दोन्ही वेळा नव्यानं ऐकल्यासारखे हसले.

पूरला पोचलो तेव्हा सावल्या लांबल्या होत्या. कुकडेश्वराचं देऊळ जुनं, दगडी, कोरीव. शिलाहार राजा झंज यानं नद्यांच्या उगमांपाशी बारा शिवालयं उभारली आणि हे त्यांतलं एक, असं परंपरा सांगते. ज्या काळात नदीला आरंभ असतो आणि तो राखायचा असतो हे कुणालातरी इतकं महत्त्वाचं वाटलं की तिथं देऊळ बांधलं, त्या काळाबद्दल मला ओढ वाटते. देवळाशी बसून आम्ही डबे सोडले. जुन्नरच्या एसटीला अवकाश होता.

"एप्रिलमध्ये येऊ," मुलगी म्हणाली. "माझ्या ग्रुपला सांगते. पंधरा-वीस जण येतील. टाकं साफ करू."

"कुठलं टाकं?"

"घाटातलं. गोविंददासाचं."

"त्याला हात लावायचा नाही," मामा ठामपणे म्हणाले. "ते संरक्षित स्मारक आहे. पुरातत्त्व खात्याला विचारल्याशिवाय एक दगड हलवायचा नाही. आणि तहान कुणाची आहे? आजींची. त्यांचा झरा बघायचा."

"मग झरा साफ करू."

"तू कोण साफ करणार? झरा त्यांचा. कुठून पाणी येतं, कुठं गुरं उतरतात, कुणाच्या वावरातून चर जाईल, हे गावाला माहीत. आधी विचारायचं. ते म्हणाले या, तर जायचं आणि ते सांगतील ते करायचं. मी लेव्हल घेऊन देईन, चर कुठं खणायचे ते आखून देईन. तुम्ही पोरांनी माती उचलायची."

"आणि त्यांनी नको म्हटलं तर?"

"तर नुसती चालायला ये. तेही वाईट नाही."

ती हसली. मग तिनं वही काढली आणि त्यांना विचारून विचारून लिहायला लागली: झऱ्याचा उन्हाळ्यातला प्रवाह कसा मोजायचा, ठरावीक मापाचं भांडं भरायला किती वेळ लागतो ते फाल्गुनापासून दर पंधरवड्याला कुणी लिहून ठेवायचं, उताराला चरांमध्ये किती अंतर हवं. मामा एकेक आकडा देत होते आणि प्रत्येक आकड्यामागचं कारण सांगत होते. वाटेच्या वळणावर एसटीचा आवाज आला तेव्हा ते उठता उठता म्हणाले, "एप्रिलचं नंतर. २६ जानेवारीला ग्रामसभा असते. आधी ती गाठू, तोवर झरा वाहताही असेल."